डायरेक्ट आयओ: फाइलचं शेपूट आता नीट कॉपी होतंय

कॉपी टूलमधला डायरेक्ट आयओचा (कर्नलचा कॅशे टाळून थेट डिस्कशी वाचायचा-लिहायचा) पर्याय लिनक्सवर आता कोणत्याही आकाराच्या फाइलला चालतो. आधीच्या आवृत्तीत ज्यांच्या बाइटांना ४०९६ने भाग जातो अशा फाइलीच पूर्ण व्हायच्या. बाकीच्या फाइली शेवटच्या तुकड्यावर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ देऊन थांबायच्या.

फाइल उघडताना ओ_डायरेक्ट हा फ्लॅग लावला की पेज कॅशे (कर्नल फाइलींचा डेटा मेमरीत ठेवतं ती जागा) मधून बाजूला होतो आणि बफरचा पत्ता, लांबी, ऑफसेट (फाइलमधली जागा) हे तिन्ही अलाइन, म्हणजे ठरावीक आकड्याच्या पटीत, असावे लागतात. मेमरी मागायच्या साध्या मॅलॉकच्या पत्त्याचा इथे भरवसा नाही, म्हणून पोसिक्स_मेमअलाइनने ४०९६वर अलाइन केलेला ४ एमबीचा बफर घेतलाय. तो लहान करू नका. डायरेक्टमध्ये कर्नलचं रीडअहेड (पुढचा डेटा आधीच वाचून ठेवणं) मिळत नाही. ४ केबीच्या तुकड्यांनी वाचलं तर दर तुकड्याला डिस्कची वाट बघावी लागते आणि साधी कॉपीच पुढे निघून जाते.

नेमकी अलाइनमेंट कर्नल ६.१पासून स्टॅटएक्सला (फाइलची माहिती देणारा कॉल) विचारता येते. मूळ फाइल आणि प्रत यांतला मोठा आकडा धरायचा. उत्तर मिळालं नाही तर ४०९६.

आता शेपूट. १०,००,००० बाइटांची फाइल घ्या. ४०९६ बाइटांचे २४४ ब्लॉक म्हणजे ९,९९,४२४ बाइट, उरले ५७६. वाचताना अडत नाही, ४ एमबी मागितले तरी रीड १०,००,००० देऊन मोकळा होतो. अडतं लिहिताना. शेवटचा ब्लॉक शून्यांनी भरून पूर्ण लिहायचा आणि मग एफट्रंकेटने फाइल छाटायची, हा उपाय मधे लावून पाहिला होता. तो काढून टाकलाय. लिहिणं आणि छाटणं यांच्या मधे वीज गेली तर प्रतीच्या शेवटी ३५२० फालतू बाइट राहू शकतात. बफर शून्य करायला विसरलं तर त्या जागी आधीच्या तुकड्याचा डेटा जातो, आणि हे जास्त वाईट. शिवाय प्रत फाइलऐवजी थेट डिस्क डिव्हाइसवर जात असेल तर छाटायला फाइलच नसते.

त्यामुळे आता २४४ ब्लॉक डायरेक्ट लिहायचे, एफसीएनटीएल या कॉलच्या एफ_सेटएफएलने (उघड्या फाइलचे फ्लॅग बदलणारा) ओ_डायरेक्ट उतरवायचं आणि ५७६ बाइट साध्या राइटने लिहायचे. एफ_सेटएफएलच्या आधी एफ_गेटएफएलने जुने फ्लॅग वाचून घ्या, नाहीतर ओ_अपेंडसारखा दुसरा फ्लॅगही सोबत उडतो.

राइट मधेच कमी बाइट लिहून परतला तरी हाच मार्ग: पुढचा ऑफसेट अलाइन नसेल तर फ्लॅग उतरवून उरलेलं लिहायचं.

शेवटी एफडेटासिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरवून घेणारा कॉल) हवाच. ओ_डायरेक्टने कॅशे टळतो तो कर्नलचा. डिस्कच्या आतल्या कॅशेत डेटा अडकलेला असू शकतो, आणि ते ५७६ बाइट तर पेज कॅशेतच असतात. एफडेटासिंक यशस्वी झाल्याशिवाय टूल ‘पूर्ण’ म्हणत नाही.

टीएमपीएफएसवर (मेमरीतच राहणारी फाइल सिस्टिम) ६.६च्या आधीच्या कर्नलमध्ये ओ_डायरेक्टसह ओपनच नापास होतो. तिथे टूल इशारा छापून साध्या कॉपीवर जातं. वाचन आणि लेखन एकाच वेळी चालावं म्हणून दुसरा बफर जोडायचं काम बाकी आहे.