साखरपुड्याच्या अंगठीतला हिरा: क्लॅरिटी कशी पाहिली, माझा अनुभव

आमच्याकडे साखरपुड्याची अंगठी म्हणजे सोन्याचीच. अमळनेर असो, पारोळा असो की चोपडा, बावीस कॅरेट, वजन किती, मजुरी किती, एवढं विचारलं की झालं. आणि सोनं घ्यायचं ते जळगावलाच, यात घरात दुमत नसतं. माझ्या होणाऱ्या बायकोला मात्र अंगठीत एक हिरा हवा होता. सुपारी फुटल्यावर आम्ही पहिल्यांदा निवांत बोललो तेव्हाच तिनं सांगितलं, लहान चालेल, पण नीट पारखून घेतलेला असू दे. सोन्यातलं आमच्या घरात सगळ्यांना कळतं, हिऱ्यातलं कोणालाच कळत नव्हतं. पैसे माझ्या पगारातले, रक्कम ठरलेली. तेव्हा आधी समजून घ्यायचं आणि मगच खिशात हात घालायचा, हे मी पक्कं केलं.

जळगावच्या सराफ बाजारात पहिल्याच दुकानात अंगठ्यांचा ट्रे समोर आला. प्रत्येक अंगठीला बारीक दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी: ‘ईएफ-व्हीव्हीएस’, ‘जीएच-व्हीएस’, ‘जीएच-एसआय’. पहिली दोन अक्षरं रंगाची, पुढची क्लॅरिटीची, म्हणजे हिरा आतून-बाहेरून किती निर्मळ आहे त्याची. या तिघांत व्हीव्हीएस सर्वात निर्मळ, एसआय सर्वात कमी. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “भाऊ, व्हीव्हीएसच घ्या. आयुष्यात एकदाच घ्यायचं असतं.” पुढच्या दुकानातही तोच सल्ला. तिनं व्हीव्हीएसची आणि एसआयची अंगठी आलटून पालटून बोटात घालून पाहिली, हात लांब धरला, जवळ धरला. आम्हा दोघांनाही फरक दिसेना. किमतीत मात्र तो चांगलाच दिसत होता. जे डोळ्यांना दिसत नाही त्याचे एवढे पैसे कशाचे, हा प्रश्न घेऊन आम्ही काही न घेता परत आलो.

नंतर वाचलं, विचारलं, तेव्हा चित्र स्पष्ट होत गेलं. नैसर्गिक हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटरपेक्षाही खोल, प्रचंड दाबात आणि उष्णतेत तयार होतो. तो वाढत असताना दुसऱ्या खनिजाचा कण आत अडकतो, कुठे बारीक चीर पडते. आतल्या अशा खुणांना इन्क्लुजन म्हणतात, पृष्ठभागावरच्या ओरखड्यांना, टवक्यांना ब्लेमिश. आपल्याकडच्या रत्नपरीक्षेच्या जुन्या संस्कृत ग्रंथांतही रेषा, बिंदू, काकपद असे हिऱ्याचे दोष सांगितलेले आहेत, तेव्हा हे पाहणं काही नवं नाही. आज बाजारात जी अक्षरं चालतात ती अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेनं १९५३ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीतली. एकूण ११ पायऱ्या आहेत: सर्वात वर फ्लॉलेस, मग इंटर्नली फ्लॉलेस, त्याखाली व्हीव्हीएस-१ आणि २, व्हीएस-१ आणि २, एसआय-१ आणि २, शेवटी आय-१, २, ३.

यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट मला कोणत्याही दुकानात सांगितली गेली नाही. ही सगळी प्रतवारी १० पट मोठं करून पाहिल्यावरची आहे. व्हीव्हीएसमधली खूण तरबेज माणसालाही भिंगाखाली महत्प्रयासानं सापडते. व्हीएसमध्ये ती किरकोळ असते, एसआयमध्ये भिंगाखाली लगेच दिसते. नुसत्या डोळ्यांचा प्रश्न खरं तर तिथून सुरू होतो: आयमध्ये डाग बहुधा भिंगाशिवायही दिसतो, एसआयमध्ये, विशेषतः एसआय-२ मध्ये, कधी दिसतो, कधी नाही. आणि पायरी ठरवताना खुणा किती एवढंच मोजत नाहीत. त्यांचा आकार, जागा, प्रकार आणि रंग, म्हणजे ती खूण किती उठून दिसते, हेही पाहतात.

अण्णांना हे समजावताना त्यांनीच मला सोपं करून दिलं. “जिनिंगवर कापूस नेला की व्यापारी काय करतो? गाडीत हात घालून आतला कापूस ओढतो. कवडी, म्हणजे किडका, डागी कापूस, आहे का पाहतो, पण ती कुठे आणि किती, त्यावर भाव पाडतो. तुझ्या हिऱ्याचंही तसंच दिसतंय.” पुढच्या सगळ्या खरेदीत मी तोच प्रश्न विचारत राहिलो: काय आहे, आणि कुठे आहे?

उत्तर शोधायला आम्ही दोघं सुरतेला गेलो. भुसावळ-सुरत लाईनवरच्या आमच्या गावांतलं कोणी ना कोणी सुरतेत असतंच. माझा मावसभाऊ कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात असॉर्टिंगला आहे, दिवसभर हिऱ्यांची प्रतवारी करणं हेच त्याचं काम. त्यानं महिधरपुऱ्यात ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात आम्हाला बसवलं. टेबलावर पांढरा कागद, वर पांढरा दिवा. शेठनं निळसर आतल्या कागदाच्या पुड्या उघडल्या आणि तीस सेंटच्या (सेंट म्हणजे हिऱ्याच्या वजनाचं माप, कॅरेटचा शंभरावा भाग) आसपासचे, म्हणजे साधारण सव्वाचार मिलिमीटर रुंदीचे गोल हिरे समोर ठेवले.

भिंगाला तिथे आयग्लास म्हणतात. आपण हातातलं भिंग वस्तूजवळ नेतो, इथे उलटं करायचं: भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, चिमट्यातला हिरा त्याच्यापुढे इंचभर अंतरावर आणायचा आणि दोन्ही हात एकमेकांना टेकवायचे, म्हणजे थरथर थांबते. दुसरा डोळा उघडाच ठेवायचा. पहिल्यांदा मला दिसली ती नुसती आरशांची गर्दी. “घाई करू नको,” भाऊ म्हणाला, “आधी वरचा सपाट भाग धर, तो टेबल. त्याच्या आत खोल बघ, मग कडेकडेनं फिर.” एक काळा ठिपका दिसला म्हणून मी सांगितलं, तर त्यानं हिरा मऊ कापडानं पुसला आणि ठिपका गेला. धूळ होती. पुसून जात नाही तीच खूण, हा त्याचा पहिला धडा.

मग त्यानं दोन हिरे शेजारी ठेवले. दोन्ही एसआय-१, रंग एकच, वजन जवळपास सारखं. पहिल्यात टेबलाच्या बरोबर खाली एक काळा कण होता. कण एकच, पण खालच्या पैलूंमध्ये त्याची प्रतिबिंबं पडत होती आणि हिरा फिरवला की चार-पाच ठिपके असल्यासारखं वाटायचं. दुसऱ्यात पारदर्शक, रंगहीन कण, तोही टेबलाच्या बाहेर, कडेच्या पैलूंखाली. भिंगातूनही मला तो शोधावा लागला. भिंग बाजूला ठेवलं तर दुसरा हिरा स्वच्छ, आणि पहिल्यात तिला बारीकसं काहीतरी टोचत राहिलं. प्रमाणपत्रावर अक्षरं तीच. माझ्या मते अंगठी घेणाऱ्यानं समजून घ्यायचं ते एवढंच आहे, आणि ते कागदावरून कळत नाही, हिरा पाहूनच कळतं.

भावानं आणखी दोन गोष्टी बजावल्या. आतल्या चिरेला फेदर म्हणतात, पिसासारखी दिसते म्हणून. ती आत आणि छोटी असेल तर बिघडत नाही, पण कडेपर्यंत पोचलेली मोठी चीर घ्यायची नाही, कारण हिरा बसवताना प्रॉंगचा, म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या नखीचा, दाब नेमका तिथेच येतो. दुसरं, क्लाउड. अतिसूक्ष्म कणांचा पुंजका. लहान असला तर ठीक, पण एसआय-२ हिऱ्याची पायरीच क्लाउडमुळे ठरली असेल तर हिरा दुधाळ, मंद दिसू शकतो. एकही डाग दिसत नाही, तरी तेज नाही. असा हिरा त्यानं दाखवलाही, आणि तो शेजारच्यांपुढे खरंच विझल्यासारखा होता.

सुरतेहून आल्यावर आईचा प्रश्न वेगळाच होता. शुभकार्याला डाग असलेला हिरा कसा द्यायचा? तिची काळजी खरी होती, म्हणून मी गप्प राहून तिला सगळं बोलू दिलं. मग आजीच म्हणाली, “डोयाले दखास नही, त्याना पैसा काब्र देवाना?” (डोळ्यांना दिसत नाही, त्याचे पैसे कशाला द्यायचे?) आईचं मन त्यावर पूर्ण वळलं नाही, पण जळगावला ती सोबत आली आणि स्वतः हिरा पाहिल्यावर निश्चिंत झाली.

खरेदी जळगावातच केली. उद्या प्रॉंग सैल झाला, माप बदलायचं झालं, तर जवळचा सराफ बरा. त्यांना सांगितलं, तयार अंगठी नको, सुटा हिरा जीआयएच्या रिपोर्टसह मागवा. कारण हिरा बसवल्यावर कडा आणि खालचा भाग झाकला जातो, क्लॅरिटी नेमकी सांगता येत नाही. घडवलेल्या दागिन्याच्या प्रमाणपत्रावर म्हणूनच ‘बसवलेल्या स्थितीत जेवढं दिसतं तेवढं’ अशा अर्थाची ओळ असते. लहान हिऱ्यांसाठी जीआयएचा जो छोटा रिपोर्ट मिळतो त्यात खुणांचा नकाशा नसतो, फक्त त्यांची नावं असतात. त्यामुळे जागा आपणच भिंगानं पाहावी लागते.

आम्ही निवडला तो एसआय-१, रंग जी, म्हणजे जवळजवळ रंगहीन, आणि कट, म्हणजे पैलू पाडण्याची प्रत, एक्सलंट. खूण म्हणजे कडेला रंगहीन क्रिस्टल, खनिजाचा कण. व्हीव्हीएसवर जाणारे पैसे कटमध्ये घातले याचं मला मनापासून समाधान आहे, कारण हिरा चमकतो तो कटमुळे. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली कोणताही हिरा लखलखतो, म्हणून तो बाहेर पायरीवर नेऊन सावलीतल्या उजेडात, वीतभर अंतरावरून पाहिला. सराफांनी मुळीच आडकाठी केली नाही, उलट स्वतः सोबत आले. आयताकृती एमराल्ड कट आवडला असता तर मात्र मी व्हीएसच्या खाली गेलो नसतो. त्याचे पैलू लांब आणि मोकळे असतात, खिडकीतून दिसावं तसं आतलं सगळं दिसतं. लॅबमध्ये तयार केलेले हिरेही पाहिले. तेही खरेच हिरे, त्याच पैशात मोठा आणि निर्मळ मिळतो. तिला जमिनीतला हवा होता, एवढंच.

सोनं अठरा कॅरेटचं, ७५० चा हॉलमार्क. आईला ते कमी वाटलं, पण बावीसचं सोनं मऊ असतं, प्रॉंग वाकले तर हिरा जाईल, हे सराफांनी तिला नीट समजावलं. हॉलमार्क आणि त्यासोबतचा सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक सोन्याची खात्री देतो, हिऱ्याची नाही. हिऱ्याची ओळख त्याच्या कडेवर लेसरनं कोरलेला रिपोर्ट क्रमांक. तो बसवण्याआधी भिंगातून वाचला, जीआयएच्या वेबसाइटवर टाकून पाहिला, आणि अंगठी हातात घेताना पुन्हा वाचला. प्रॉंग नेमका त्या क्रमांकावर येऊ देऊ नका, एवढं कारागिराला आधीच सांगून ठेवलं होतं.

बिलावर सोन्याचं वजन, हिऱ्याचं वजन, रंग, क्लॅरिटी, रिपोर्ट क्रमांक, मजुरी आणि ३ टक्के जीएसटी हे सगळं वेगवेगळं लिहून घेतलं. परत देताना किंवा बदलून घेताना हिऱ्याची किती किंमत धरणार, तेही तोंडी न ठेवता त्याच बिलावर सही-शिक्क्यानिशी घेतलं.