आमची वाटचाल : पाच मीटरपासून पंचवीस मीटरपर्यंत

लातूरच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कुटुंबाची डाळमिल होती. ती बंद झाल्यानंतर तिचे लांबट गोदाम रिकामे पडले आणि त्याच गोदामात आज आमचे पिस्तूल नेमबाजीचे प्रशिक्षण केंद्र चालते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि त्या वर्षी शहरात नवा व्यवसाय काढण्याचा विचारही कोणी करत नव्हते. पुढच्या पावसाळ्यात आम्ही त्या गोदामाची जमीन सपाट करून घेतली, पत्र्याला आतून चुना दिला आणि पहिल्या लेन आखल्या.

नेमबाजीची ओळख मला महाविद्यालयात एनसीसीमुळे झाली. पुढे एअर पिस्तूलकडे, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या पिस्तुलाकडे वळलो, तेव्हा नीट सराव करायचा तर पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा संकुलात जावे लागे. लातूर, नांदेड, परभणी किंवा धाराशिवच्या मुलाला या खेळासाठी घर सोडावे लागू नये, एवढीच सुरुवातीची इच्छा होती. भारतात ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही, त्यामुळे केंद्र उभे करणे आम्हाला शक्य झाले. पॉइंट टू टूचे, म्हणजे ०.२२ इंची गोळीचे अग्निशस्त्र आणि त्याची रेंज यांचे नियम निराळे आणि कडक आहेत आणि ते तसेच असावेत, असे माझे मत आहे.

केंद्राची खरी जडणघडण मात्र अंतराच्या प्रश्नाभोवती झाली. नवीन येणारा मुलगा असो वा पालक, प्रत्येकाची समजूत अशी असते की दहा मीटर सोपे, पंचवीस मीटर त्याहून अवघड आणि पन्नास मीटर सर्वांत अवघड. आकडे मांडले की ही समजूत टिकत नाही. दहा मीटर एअर पिस्तूलच्या कार्डावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. पंचवीस मीटरच्या अचूक नेमाच्या टार्गेटवर तेच वर्तुळ ५० मिलिमीटरचे असते. दहा मीटरची मोजपट्टी तशीच पंचवीस मीटरवर नेली, तर ते वर्तुळ २९ मिलिमीटरहून लहान भरले असते. छर्‍याचा काठ रेषेला टेकला तरी वरचा गुण मिळतो, ही सवलत हिशेबात धरली तरी कोनाच्या दृष्टीने दहा मीटरचा दहा गुण पंचवीसच्या दहापेक्षा कठीणच राहतो. पन्नास मीटरला टार्गेट पंचवीसचेच असल्यामुळे तिथे अचूकतेची मागणी थेट दुप्पट होते. तो प्रकार रिओ येथील २०१६ च्या ऑलिम्पिकनंतर ऑलिम्पिकमधून वगळला गेला. माझ्या दृष्टीने एकहाती पिस्तुलाची ती सर्वांत शुद्ध परीक्षा होती आणि तिचे जाणे मला आजही खटकते.

मग अंतर वाढल्याने नेमके काय बदलते, हे विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच समजावून सांगणे आम्ही आवश्यक मानतो. साइट म्हणजे नेम धरण्यासाठी पिस्तुलावर असलेली खूण; पिस्तुलाची पुढची साइट आणि मागची साइट यांत साधारण ३३० मिलिमीटर अंतर आहे असे धरू. पुढची साइट मागच्या खाचेच्या मध्यापासून केवळ ०.१ मिलिमीटर बाजूला गेली, तर दहा मीटरवर छर्रा ३ मिलिमीटर सरकतो, पंचवीसवर साडेसात आणि पन्नासवर १५ मिलिमीटर. याउलट डोके, खांदा आणि पिस्तूल असे सारे शरीर समांतर ४ मिलिमीटर डुलले, तर छर्रा कोणत्याही अंतरावर ४ मिलिमीटरच सरकतो. अंतर हे कोनाच्या चुकीचे भिंग आहे. नवशिक्या मात्र शरीराच्या डुलण्याला घाबरतो, कारण ते त्याला जाणवते. पुढच्या साइटची केसाएवढी चूक त्याला दिसतही नाही आणि गुण तर तिथेच जातात.

म्हणून आमच्या लेनवर टार्गेटचे स्टँड रुळावर बसवलेले आहेत आणि ते पाच, सात आणि दहा मीटरच्या खुणांवर थांबतात. नवा विद्यार्थी पहिल्यांदा पाच मीटरवर कोर्‍या पांढर्‍या कार्डावर नेम मारतो. त्या कार्डावर ना वर्तुळ असते, ना गुण. डोळ्याला पाहण्यासारखे काहीच नसल्यामुळे तो नाइलाजाने पुढच्या साइटकडे पाहतो आणि आम्हाला तेच हवे असते. त्यानंतर पाच छर्‍यांचा ग्रुप मोजला जातो. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधले अंतर वहीत लिहायचे, मग स्टँड सात मीटरवर आणि नंतर दहावर न्यायचे.

या तीन आकड्यांवरून बरेच काही कळते. पाच मीटरवर १५ मिलिमीटरचा ग्रुप दहावर सुमारे ३० चा झाला, तर वाढ अंतराच्या प्रमाणात आहे आणि काम मनगटावर, पकडीवर व ट्रिगरच्या बोटावर करायचे आहे. तो ३० च्या बराच पुढे गेला, तर आम्ही प्रथम डोळ्याकडे संशयाने पाहतो, कारण टार्गेटच्या मध्यावरचा काळा गोल लहान दिसू लागला की नजर पुढच्या साइटवरून सुटून टार्गेटवर जाते आणि साइट धूसर होते. वाढ प्रमाणापेक्षा कमी असेल, तर पाय ठेवण्याची पद्धत आणि शरीराचा तोल तपासतो. ही शास्त्रीय कसोटी असल्याचा आमचा दावा नाही. अनेक विद्यार्थ्यांच्या वह्या चाळून बसलेली ही कामाची रीत आहे आणि ती आम्हाला वेळोवेळी उपयोगी पडली आहे.

यात गुण न मोजता ग्रुप मोजण्यामागे आणखी एक कारण आहे. एअर पिस्तूलचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने निघतो आणि दहा मीटर जाईपर्यंत सुमारे २ सेंटीमीटर खाली येतो, तर पाच मीटरवर ही घट जेमतेम अर्धा सेंटीमीटर असते. शिवाय आपण काळ्या गोलाच्या मध्यावर नेम न धरता त्याच्या खाली पांढरी पट्टी ठेवून धरतो. परिणामी दहा मीटरला बसवलेली साइट पाच मीटरवर छर्रा दुसर्‍याच उंचीवर टाकते. अशा वेळी गुण पाहिले, तर चांगला ग्रुप मारणारा मुलगाही निराश होतो आणि साइटचे स्क्रू फिरवत बसतो. ग्रुप घट्ट होईपर्यंत स्क्रूला हात लावायचा नाही, हा नियम आमच्याकडे भिंतीवर लिहिलेला आहे. त्याच्यावर दुसरा नियम आहे की पिस्तुलाचे तोंड सदैव टार्गेटच्या दिशेने असावे आणि छर्रा भरलेला नसताना नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याचे दाखवणारी रंगीत दोरी, दिसला पाहिजे. छर्रे शिशाचे असल्यामुळे सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, हा तिसरा.

लातूर हे शिकवणीचे शहर आहे. इथे दर आठवड्याला परीक्षा होते आणि पालकांना गुणांची यादी पाहण्याची सवय आहे. "सर, पोरगी पंचवीसवर कधी जाणार?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि त्यामागची काळजी मला समजते, कारण आई-वडील शेतीच्या किंवा पगाराच्या पैशातून फी भरतात आणि मॅच दर्जाच्या, म्हणजे स्पर्धेच्या पिस्तुलाची किंमत लाखाच्या पुढे जाते. आम्ही त्यांना वही दाखवतो. दहा मीटरवरचा ग्रुप सलग काही आठवडे आक्रसत गेला आणि सकाळ-संध्याकाळ सारखाच राहिला, तरच अंतर बदलण्याचा विचार करायचा, हे धोरण आम्ही सोडलेले नाही. यामुळे काही विद्यार्थी निघून गेले आणि आमचे उत्पन्नही घटले. तरीही कॅलेंडर पाहून अंतर वाढवणे मला विद्यार्थ्याची फसवणूक वाटते.

व्यवहाराच्या अडचणी निराळ्या होत्या. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली तापमान असह्य होते, घामाने पकड निसटते आणि मनगटाचा कोन बदलतो. म्हणून उन्हाळ्यात सराव पहाटे आणि दिवेलागणीनंतर असतो. टार्गेटवर निदान १५०० लक्स प्रकाश हवा, असा नियम आहे; वीज गेली की तो नाहीसा होतो, त्यामुळे टार्गेटवरचे एलईडी दिवे आम्ही बॅटरीवर घेतले. सर्वांत नाजूक विषय हवेचा होता. मॅच पिस्तुलाच्या नळकांड्यात २०० बारपर्यंत दाबाची कोरडी हवा भरावी लागते आणि लातुरात अशी हवा भरून देणारे कोणी नव्हते. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन भरून देण्याची तयारी एकदोघांनी आपुलकीने दाखवली, पण पिस्तुलात ऑक्सिजन भरल्यास स्फोट होऊ शकतो, म्हणून त्यांना नम्रपणे नकार दिला. सुरुवातीला हातपंपावर काम चालवले आणि नंतर कर्ज काढून कॉम्प्रेसर घेतला. नळकांड्यांची मुदत दहा वर्षांची असते, तिची नोंद माझी पत्नी हिशेबाच्या वहीतच ठेवते.

आमच्या व्यवसायाला दुसरा पाय मिळाला तो २०२० च्या टाळेबंदीत. केंद्र बंद होते आणि मुले घरी होती. घरात छर्रा मारू द्यायचा नाही यावर आम्ही ठाम होतो, परंतु रिकाम्या पिस्तुलाचा कोरा सराव चालू ठेवता येण्यासारखा होता. दहा मीटरवरचा ५९.५ मिलिमीटरचा काळा गोल तीन मीटरवरून तेवढाच दिसावा, तर तो १८ मिलिमीटरचा काढावा लागतो. चार मीटरसाठी २४ आणि पाच मीटरसाठी ३० चा. शहरातल्या एका मुद्रकाकडून आम्ही अशी लहान कार्डे छापून घेतली. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर असतो, पण जवळच्या भिंतीवर कार्ड त्याच उंचीवर लावले तर हात अधिक खाली झुकतो, म्हणून प्रत्येकाच्या डोळ्याच्या उंचीप्रमाणे ते किती वर लावायचे याचा तक्ताही सोबत दिला. वाड्यातल्या ओसरीवर, शेतातल्या घरात, फ्लॅटच्या बोळात मुलांनी ती कार्डे लावली.

केंद्र पुन्हा उघडल्यावर ज्यांनी हा सराव मनापासून केला होता त्यांचा ट्रिगर लक्षणीय सुधारलेला दिसला. तेव्हापासून वेगवेगळ्या अंतरांची कार्डे हे आमचे स्वतंत्र उत्पादन झाले. सरावाच्या कार्डाला कागदही तसाच लागतो. चकचकीत लग्नपत्रिकेचा कागद दिव्याखाली चमकतो आणि छर्‍याने फाटतो. छिद्र गोल आणि स्वच्छ कापले जाईल असा मॅट कागद सापडेपर्यंत मुद्रकाने बरेच नमुने काढले आणि त्याच्या या चिकाटीचे ऋण आम्ही मानतो. आता नांदेड, उदगीर, अंबाजोगाई आणि परभणी येथील शाळांना आमची कार्डे जातात आणि उन्हाळ्यात फी कमी झाली तरी केंद्राचा खर्च त्यांतून निघतो.

पंचवीस मीटरची पूर्वतयारीही आम्ही दहा मीटरच्या जागेत करतो. पंचवीसचा २०० मिलिमीटरचा काळा गोल दहा मीटरवर ८० चा होतो आणि दहा गुणांचे वर्तुळ २० चे. हा गोल नेहमीच्या गोलापेक्षा मोठा दिसतो, त्यामुळे पुढची साइट त्यासमोर बारीक वाटते आणि नेमाचे चित्र बदलते. पुण्याला जाऊन पहिल्यांदा हा बदल पाहणारा मुलगा गोंधळतो, तो गोंधळ इथेच संपतो. महिलांच्या पंचवीस मीटर प्रकारातील जलद फेरीत टार्गेट ३ सेकंद समोर येते आणि ७ सेकंद नाहीसे होते, त्या ३ सेकंदांत हात ४५ अंशांवरून वर आणून एकच गोळी मारायची असते. त्यासाठी स्थानिक इलेक्ट्रिशियनने आम्हाला हिरव्या-लाल दिव्यांचा टायमर बनवून दिला. एअर पिस्तुलात दरवेळी छर्रा हाताने भरावा लागतो, म्हणून ७ सेकंदांची विश्रांती आम्ही वाढवून ठेवली आहे. ३ सेकंद मात्र तीनच आहेत. पॉइंट टू टूचा आवाज आणि धक्का यांची सवय इथे होऊ शकत नाही, ती बालेवाडीलाच होते आणि हे आम्ही पालकांना आधीच सांगतो.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवले, तेव्हा हे अंतर मराठी मुलींना आपलेसे वाटू लागले. २०२४ मध्ये पॅरिसला मनू भाकर यांनी दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये वैयक्तिक कांस्य घेतले, सरबजोत सिंग यांच्यासह मिश्र सांघिक कांस्य घेतले आणि पंचवीस मीटरमध्ये त्या चौथ्या आल्या. एकच हात दोन्ही अंतरांवर इतक्या उच्च दर्जाचा राहू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मी विद्यार्थ्यांना देऊ शकत नाही. त्या ऑगस्टनंतर आमच्याकडे चौकशीला येणार्‍यांत मुलींची संख्या स्पष्टपणे वाढली. त्यांच्यापैकी कोणी जी. व्ही. मावळंकर या अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धेची तयारी करते, तर कोणाला पोलीस भरतीपूर्वी हात स्थिर करायचा असतो. पाच मीटरचे कोरे कार्ड दोघींनाही सारखेच मिळते.

सध्या औसा रस्त्याकडे पंचवीस मीटरच्या रेंजसाठी जागा पाहणे चालू आहे. परवान्याची प्रक्रिया, गोळी अडवणारा मातीचा उंच बांध, बाजूच्या भिंती आणि दुपारचे पश्चिमेचे ऊन थेट डोळ्यांत येणार नाही अशी दिशा, या चार गोष्टी जुळल्याशिवाय आम्ही जमीन घेणार नाही. जागा उत्तर-दक्षिण लांब मिळावी आणि नेमबाजाचे तोंड उत्तरेकडे राहावे, असा आमचा प्रयत्न आहे. तोवर पंचवीससाठी तयार झालेल्या मुलांचा गट दर महिन्याला पुण्याला जातो आणि परत आल्यावर तिथल्या ग्रुपचे आकडे त्याच वहीत, दहा मीटरच्या आकड्यांशेजारी लिहितो.