पातेल्यांचा आवाज आणि राष्ट्राध्यक्षांचे दौरे

2023च्या मार्चमध्ये पॅरिसच्या नवव्या विभागातल्या माझ्या ऑफिससमोर कचऱ्याच्या पिशव्यांचा ढीग खांद्याएवढा झाला होता. कचरा उचलणारे संपावर होते. निवृत्तीचं वय 62 वरून 64 वर नेणारा कायदा त्यांना नको होता. शहरभर हजारो टन कचरा पडून होता, आणि त्याच दिवसांत इंग्लंडचे राजे चार्ल्स यायचे होते. राजा झाल्यावरचा त्यांचा पहिलाच परदेश दौरा, व्हर्सायच्या राजवाड्यात मेजवानी ठरलेली. 23 तारखेला बोर्दोच्या टाउन हॉलचा दरवाजा आंदोलकांनी पेटवला. बोर्दोही राजांच्या कार्यक्रमात होतं. संघटनांनी पुढचा बंद 28 मार्चला पुकारला, म्हणजे ऐन पाहुणे घरात असताना. 24 तारखेला दौरा पुढे ढकलला गेला. चार्ल्स आधी जर्मनीला गेले, फ्रान्सला आले ते थेट सप्टेंबरमध्ये.

गोरेगावहून आईने फोनवर विचारलं, "मग तो कायदापण पुढे ढकलला का गं?"

नाही. मेजवानी रद्द झाली, कायदा जागचा हलला नाही. तेव्हापासून आईचा हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. लोक रस्त्यावर उतरले की नेता नेमकं काय सोडतो आणि काय घट्ट धरून ठेवतो?

राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांच्या पक्षाकडे संसदेत बहुमत नव्हतं. म्हणून 16 मार्चला पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न यांनी राज्यघटनेतलं 49.3 हे कलम लावलं आणि मतदान न घेताच विधेयक पुढे रेटलं. चार दिवसांनी अविश्वास ठराव आला, तो अवघ्या 9 मतांनी फसला. त्याआधी 7 मार्चला सरकारी मोजणीनुसारच 12 लाखांहून जास्त लोक मोर्चात होते. मीही ते मोर्चे पाहिले आहेत. आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन चालत होते. आठही मोठ्या कामगार संघटना एकत्र आल्या होत्या, आणि ही गोष्ट इथेही सहसा घडत नाही.

आता 2018 आठवा. इंधनावरचा कर वाढणार म्हणून गावाकडचे लोक पिवळी जाकिटं घालून चौकाचौकांत बसले. पहिल्या दिवशी, 17 नोव्हेंबरला, सरकारी आकडा तीन लाखांच्याही खाली होता. संघटना नाही, नेता नाही. पण शाँझेलिझे या पॅरिसच्या मोठ्या रस्त्यावर दुकानं फुटली, आर्क द ट्रिओंफ या विजयकमानीची नासधूस झाली आणि तीन आठवड्यांत करवाढ रद्द झाली. 10 डिसेंबरला मॅक्रॉन टीव्हीवर आले आणि किमान वेतनावर काम करणाऱ्यांना महिन्याला 100 युरो जास्त मिळतील असं सांगितलं. जानेवारीत ते दावोसलाही गेले नाहीत. घर पेटलेलं असताना श्रीमंतांच्या परिषदेत बसणं त्यांना परवडणारं नव्हतं.

हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की मला वाईट वाटतं. बारा लाख लोक शिस्तीत चालले त्यांना काही मिळालं नाही, काचा फुटल्या तेव्हा तिजोरी उघडली. सरकारने स्वतःच्या नागरिकांना हा धडा शिकवला, आणि तो फार महाग धडा आहे.

17 एप्रिलला मॅक्रॉन टीव्हीवर बोलत होते तेव्हा लोक टाउन हॉलांसमोर जमून पातेली बडवत होते. ऑफिसहून परतताना मी थांबून पाहिलं. पुढे काही दिवस ते जातील तिथे हा आवाज त्यांच्या मागे लागला. दक्षिणेतल्या गाँज गावी तर पोलिसांनी लोकांच्या हातातली पातेली काढून घेतली. आईला यात नवल वाटलं नाही. 1972च्या महागाईत आजी मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांच्या मोर्चात थाळी-लाटणं घेऊन गेली होती. "थाळीचा आवाज बंद खिडकीतूनपण आत जातो," असं आजी म्हणायची.

जूनच्या शेवटी आवाज वेगळा होता. 27 तारखेला नांतेरमध्ये पोलिसाच्या गोळीने सतरा वर्षांचा मुलगा गेला. नांतेर माझ्या घरापासून चार किलोमीटरवर. रात्री नऊनंतर बस आणि ट्राम बंद, सकाळी जळलेल्या गाड्यांचा वास. मॅक्रॉन ब्रसेल्सची युरोपीय परिषद अर्धवट सोडून परतले. जर्मनीचा दौरा होता, फ्रेंच राष्ट्राध्यक्षाचा 23 वर्षांतला पूर्ण राजशिष्टाचाराचा पहिला दौरा, म्हणजे 'स्टेट व्हिजिट'. तो त्यांनी जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांना फोन करून पुढे ढकलला. तो झाला 2024च्या मे महिन्यात.

यानंतर दोनच आठवड्यांनी फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाचं, 14 जुलैचं संचलन होतं, आणि प्रमुख पाहुणे आपले पंतप्रधान होते. तो कार्यक्रम मात्र रद्द झाला नाही. पंजाब रेजिमेंटचे जवान शाँझेलिझेवरून गेले तेव्हा माझे डोळे भरून आले, हे खरं. पण त्या दिवसांत फटाक्यांच्या विक्रीवर बंदी होती आणि देशभर हजारो पोलीस तैनात होते, हेही मी विसरू शकत नाही. एका पाहुण्याला थांबवल्यानंतर दुसऱ्याला थांबवलं असतं, तर फ्रान्सचं सरकार घर सांभाळू शकत नाही असं जगाला वाटलं असतं. माझ्या मते म्हणूनच ते संचलन इतक्या थाटात झालं.

कायद्याचं काय झालं? 2025च्या ऑक्टोबरमध्ये सरकार पडायची वेळ आली तेव्हा पंतप्रधान लेकोर्नू यांनी तो 2028च्या जानेवारीपर्यंत स्थगित करत असल्याचं जाहीर केलं. रस्त्याने जे अडीच वर्षांपूर्वी मागितलं, ते संसदेत मतं कमी पडल्यावर मिळालं.

माझ्या मजल्यावरच्या मादाम शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करतात. जन्म 1964चा. मनगटाला कायम पट्टा बांधलेला, मोठी पातेली उचलून उचलून हात दुखतो. 2023च्या प्रत्येक मोर्चाला त्या गेल्या होत्या, त्या दिवसांचा पगार सोडून. स्थगितीने त्यांच्या वाट्याला काय आलं, असं मी लिफ्टमध्ये विचारलं. त्यांनी पट्टा बांधलेला हात वर केला आणि तीन बोटं दाखवली. तीन महिने आधी सुट्टी.