हेड न उतरवता व्हॉल्व्ह स्प्रिंग: तुम्ही विचारलंत म्हणून

नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या पोर्चमध्ये अ‍ॅम्बेसेडर उभी दिसली की नव्याने जुन्या गाडीच्या नादी लागलेली पोरं थांबतात. दोन मिनिटांत प्रश्न येतोच: "काका, हेड न काढता घरी व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलता येतात ना? तुम्ही तर बदलले होते म्हणे. मग आम्हाला काहून नाही म्हणता?"

येतात. हेड म्हणजे सिलेंडरवरचं झाकण; हवा आत आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह त्यात बसतात आणि स्प्रिंग त्यांना बंद ठेवतात. मी बदलले होते, आठच्या आठ. आणि मी कोणालाच नाही म्हणत नाही. मी फक्त विचारतो, गाडी कोणती? ते ऐकून घ्यायची कोणाची तयारी नसते, म्हणून हे लिहितो आहे.

दोरीची युक्ती खोटी नाही. प्लग काढायचा, पिस्टन थोडा खाली असताना त्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची, एक टोक बाहेर ठेवायचं आणि इंजिन हाताने फिरवायचं. पिस्टन वर येतो, दोरीचा गोळा दाबला जातो आणि व्हॉल्व्ह खालून टेकून राहतात, नाहीतर स्प्रिंग काढताच ते सिलेंडरमध्ये पडतील. सुतळी वापरू नका, तिचे धागे आत राहतात. काही जण कॉम्प्रेसरची हवा भरतात. मला ते कधी पटलं नाही. पिस्टन अगदी टोकाला नसेल तर हवेच्या जोराने इंजिन फिरतं, तेव्हा हँडल लावलेलं असलं तर मनगट गेलं. दोरी तिथल्या तिथे राहते. स्प्रिंग व्हॉल्व्हवर अडकवून ठेवणारे बारीक लॉक काढण्याआधी रिटेनरवर, म्हणजे स्प्रिंगवरच्या टोपीवर, पाना ठेवून हलका ठोका द्यायचा, तेल खाली जायच्या भोकांत फडकी कोंबायची, लॉक चुंबकाने उचलायचे. यातलं एकही काम मी चुकलो नव्हतो. हे मी ठासून सांगतो, कारण तेव्हापासून नात्यातला प्रत्येक जण "घरी केलं ना, म्हणून झालं" असंच म्हणत आला आहे.

२०१७ चा मे. तिसऱ्या सिलेंडरचा एक स्प्रिंग तुटला होता. गाडी बाबांची, १९८६ ची, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. दिवसा बॉनेटला हात लावायची सोय नव्हती, म्हणून शनिवारी संध्याकाळी सुरू केलं. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर, मानेवर ओला दुपट्टा टाकून बसलेले. मी हेडवरचं टॅपेट कव्हर काढलं आणि रॉकर शाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात त्या सळीच्या, नटांना पाना लावला.

"रेडिएटरचं पाणी काढलं का?" बाबांनी विचारलं.

"हेड उतरवूनच नाही राहिलो बाबा मी. पाणी कायले काढू?"

"नट तर हेडचेच आहेत ना ते."

मी म्हटलं, सगळेच नाहीत, चारच आहेत, बाकीचे सात घट्ट आहेत की. त्या वाक्यावर मी आजही थांबतो. माझं म्हणणं मोजणीला बरोबर होतं. या इंजिनाचं हेड अकरा नटांवर बसतं. त्यातले चार रॉकरचे ठोकळेही धरतात, म्हणजे रॉकर काढायचा तर हेडवरची चार ठिकाणची पकड सुटते. एमजीबी या जुन्या ब्रिटिश गाडीत याच घराण्यातलं इंजिन आहे. तिच्या दुरुस्तीच्या पुस्तकात लिहिलेलं आहे की आधी पाणी काढा आणि अकराही नट थोडे थोडे ढिले करा, नाहीतर हेड वाकून पाणी सिलेंडरमध्ये आणि ऑइलमध्ये उतरू शकतं. ते पुस्तक मी नंतर वाचलं. बाबांनी ते कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी तीस वर्षांत दोनदा हेड उतरलेलं पाहिलं होतं, तेवढ्यावर त्यांना कळत होतं.

चार तास गेले. बाबांनी हँडल धरलं, मी दोरी सोडली. जुने स्प्रिंग नव्यांशेजारी उभे केले तर सगळेच बुटके झालेले. गाडी पहिल्या सेल्फला लागली, आवाज एकसारखा. त्या रात्री मला फार आनंद झाला होता आणि तो खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी बुटीबोरीला लग्न होतं. बाबा पुढे, बायको आणि मुलगी मागे. खापरीच्या पुढे तापमानाचा काटा चढायला लागला. बाजूला घेतली, रेडिएटर थंड होऊ दिला, झाकण उघडलं तर पाणी दिसेना. ऑइलची काडी काढली. दुधाच्या चहासारखं ऑइल, म्हणजे पाणी त्यात उतरलेलं.

बाबा खाली उतरले. काडीवरचं ऑइल त्यांनी दोन बोटांत चोळलं, दुपट्ट्याला पुसलं आणि परत जाऊन बसले. मला काहीही बोलले नाहीत. त्या उन्हात टोचन करणारी गाडी येईपर्यंत दीड तास आम्ही तसेच होतो. मुलगी रडत होती. मी फोनवर कोणाकोणाशी बोलत राहिलो, म्हणजे बाबांकडे बघायला नको.

इंजिन उघडलं तेव्हा बेअरिंगवर रेघा होत्या. हेडला मशीनवर घासावं लागलं, क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, ग्राइंड करावा लागला. स्प्रिंगच्या खर्चाच्या कितीतरी पट.

आता माझी बाजू. मिस्त्री म्हणाला, गॅस्केट, म्हणजे हेडखालची पाणी-ऑइल अडवणारी पट्टी, जुनंच होतं, आज ना उद्या गेलंच असतं. कदाचित. मी हात लावला नसता तर दोन वर्षं चाललं असतं, किंवा त्याच आठवड्यात गेलं असतं. त्या संध्याकाळचा मी अजून माझ्याशी भांडतो. म्हणतो, दोरीने काम केलं होतं, व्हॉल्व्ह एकही पडला नाही, मग दोष युक्तीचा कसा? मी त्याला सांगतो, दोष युक्तीचा नाही, पाणी काढायला दहा मिनिटं लागली असती. तो म्हणतो, मग लोकांना घाबरवतोस कशाला? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

बाबांच्या शर्टाच्या खिशात कायम असायची ती किल्ली गाडी दुरुस्त होऊन आल्यावर त्यांनी माझ्या खोलीतल्या खिळ्याला अडकवली. नंतर तीन वर्षं होते, पुन्हा चालवली नाही. डोळ्यांचं ऑपरेशनही त्याच सुमाराला झालं. आई म्हणते, डोळ्यांमुळेच. मला आईचं म्हणणं खरं मानायचं आहे.

तर ज्या इंजिनात रॉकरचे बोल्ट वेगळे आणि हेडचे वेगळे, तिथे खुशाल दोरीने करा. आधी कव्हर उघडून प्रत्येक नट कुठे उतरतो ते बघा. अ‍ॅम्बेसेडरचं हे इंजिन असेल तर पाणी काढून, अकराही नट क्रमाने ढिले करून, परत बसवताना टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, कसून करता येतं. एका शेजाऱ्याच्या गाडीचं मी तसं केलं, ती आजवर चालते आहे. तेवढ्यावरून मी खात्री देणार नाही. गॅस्केटचं वय माहीत नसेल तर हेड उतरवा, असं मला वाटतं, आणि हे सांगताना मी भित्रा झालोय की शहाणा, ते मला ठरवता येत नाही.

दोरी माझ्याकडे आहे, मागाल तर देईन. रविवारी करायचं असेल तर सकाळी सहाला या, ऊन चढायच्या आत. येताना एक रिकामी बादली आणा.