पाय वर घे

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत केर काढण्याशी माझा संबंध एवढाच होता: आई केरसुणी घेऊन खोलीत आली की "पाय वर घे" म्हणायची, आणि मी घ्यायचो. पुस्तकातून डोकं वर काढायचीही गरज पडत नसे. शेजारच्या खुर्चीत बाबा पेपर वाचत असायचे. त्यांना सांगावंही लागायचं नाही. केरसुणीचा आवाज जवळ आला की त्यांचे पाय आपोआप वर.

एकदाच काय तो अपवाद झाला. चौथीत असताना शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत मी गाडगेबाबा झालो होतो. चिंध्यांचा सदरा, डोक्यावर खापर, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीचा तुकडा आणि हातात खराटा. स्टेजवर दोनदा खराटा फिरवला, उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. घरी आल्या आल्या आजीनं तो खराटा काढून घेतला. "आता पुरे. पोरानं केर काढायचा नसतो." गाडगेबाबांचा फोटो भिंतीवर, खराटा मागच्या दारी. कराडच्या आमच्या घरात यात कुणाला काही विसंगत वाटलं नव्हतं. मलाही नाही.

२०१७ च्या ऑक्टोबरात चाकणच्या नोकरीतून मी जर्मनीत स्टुटगार्टला गेलो. बाकीच्या लोकांना स्टुटगार्ट गाड्यांमुळे माहीत असतं; मला ते पायऱ्यांमुळे आठवतं. डोंगरांच्या वाटीत वसलेलं शहर, उतारावर भर वस्तीत द्राक्षांचे मळे, आणि वर-खाली करायला जागोजागी दगडी जिने. त्यांना तिथं 'श्टेफेले' म्हणतात. शेवटी 'ले' लावून कुठलीही गोष्ट छोटी, लाडकी करून टाकायची ही श्वाबियन, म्हणजे त्या भागातल्या, लोकांची खोड. मी हेस्लाखमध्ये राहत होतो. जवळच्या चौकातून दफनभूमीकडे चढणारी १९२९ सालची एक केबल-रेल्वे आहे, तिचे डबे सागवानी आहेत. घरची आठवण आली की मी उगाचच त्यात बसून वर जाऊन यायचो. सागवानाला हात लावायला.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तीनेक आठवडे झाले असतील. एका रविवारी संध्याकाळी दाराच्या मुठीला एक छोटी पाटी अडकवलेली दिसली: 'केअरवोखे'. केअर म्हणजे झाडणं, वोखे म्हणजे आठवडा, एवढं जर्मन मला येत होतं. मला वाटलं, सफाईवाले येणार असल्याची सूचना असेल. दोन दिवस ती तशीच लटकत राहिली. मग वाटलं, चुकून माझ्या दाराला लावली असावी, म्हणून उचलून समोरच्या दाराला अडकवली.

याचा अर्थ तिथं असा होतो, की माझी पाळी झाली, जिना मी झाडला-पुसला, आता तुमची पाळी.

शनिवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या. वय ऐंशीच्या आसपास, अंगावर फुलाफुलांचा बिनबाह्यांचा कामाचा झगा. त्या रागावल्या नव्हत्या, हेच जास्त वाईट होतं. मला जिन्यात नेलं, कठड्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या चष्म्यासमोर धरलं.

प्रकार असा, की आपला मजला ते खालचा मजला एवढा जिना त्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांनी आळीपाळीनं साफ करायचा, ही 'छोटी' केअरवोखे. तळघर, दार, घरासमोरचा फूटपाथ ही 'मोठी', ती सगळ्या इमारतीत फिरते. माझ्या भाडेकरारात हे स्वच्छ लिहिलेलं होतं, मी फक्त भाड्याचा आकडा वाचला होता. हे खूळ जुनं आहे. १४९२ सालच्या शहराच्या नियमांत प्रत्येकानं आपला उकिरडा दर आठवड्याला बाहेर न्यावा असं कलम आहे. नगरपालिकेनं आपली सक्ती १९८८ मध्ये काढून टाकली, पण भाडेकरारांतून आणि आजींच्या बोटांतून ती अजून शाबूत आहे.

माझी पहिली प्रतिक्रिया सांगायला आज लाज वाटते. मी सोमवारी ऑफिसात विचारलं, "यासाठी बाई लावायची तर किती घेतात?" माझा वरिष्ठ डॉक्टरेट झालेला, हाताखाली साठेक माणसं. तो म्हणाला, माणूस मिळतो की, ताशी पैसे घेतो. आणि मग सहज म्हणाला, "माझी पाळी परवाच झाली. फूटपाथ होता, पानं फार पडलीत यंदा." त्याच्या आवाजात ना कमीपणा होता ना मोठेपणा. मला हे झेपलं नाही. आमच्याकडं असं काम केलेला साहेब एकतर लपवतो, नाहीतर फोटो काढून टाकतो.

तर पुढच्या शनिवारी मी झाडायला उतरलो. कुंचा आणि केरभरणी आजींनीच दिली. 'केअरविश' आणि 'कुट्टरशाउफल'. हे दुसरं खास तिकडचं नाव, हानोव्हरकडच्या माझ्या सहकाऱ्याला कळलंसुद्धा नाही. मी खालून वर झाडायला लागलो. आजी दार किलकिलं करून बघत होत्या. दोन पायऱ्या झाल्यावर बाहेर आल्या, माझ्या दंडाला धरून वर नेलं. वरून खाली. आधी कोपरे, मग मधला भाग. कुंचा उचलून आपटायचा नाही, टेकवून ओढायचा, नाहीतर धूळ उडते आणि झाडलेल्या पायरीवर जाऊन बसते. प्रत्येक पायरीचा केर खालच्या पायरीवर लोटायचा नाही, तिथल्या तिथं भरून घ्यायचा. मग ओलं फडकं, ते पिळून घट्ट. शेवटी कठडा. अठरा पायऱ्यांना मला पाऊण तास लागला, कंबर धरली. अभियंता म्हणून मी ज्याला प्रोसेस म्हणतो ती हीच, आणि आई ती रोज सकाळी माझ्या पायांखालून करत होती हे त्या जिन्यावर वाकलेलं असताना डोक्यात आलं.

आजींनी पुन्हा कठड्यावरून बोट फिरवलं. काही बोलल्या नाहीत, आत गेल्या. मी हिरमुसलो. ऑफिसात सांगितलं तर एकजण हसला. म्हणाला, श्वाबियन म्हणच आहे, रागावलं नाही म्हणजे कौतुक झालं. हे ऐकून मला एकदम सातारा जिल्ह्यात असल्यासारखं वाटलं. आमच्याकडचे चुलतेही पोरगं पहिलं आलं तरी "बरं झालं" एवढंच म्हणतात.

जिना झाडला त्याच शनिवारी रात्री आईला फोन केला. मी जिना झाडला म्हटल्यावर ती आधी हसली. मग गप्प. मग म्हणाली, "हे तुझ्या आजीला सांगू नको. इंजिनिअर होऊन जिने झाडतोय म्हणून जेवायची नाही." मी फोन ठेवणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "कोपरे काढतोस का नीट?"

हा प्रश्न तिनं मला एखाद्या बरोबरीच्या माणसाला विचारावा तसा विचारला. अभ्यास, पगार, तब्येत सोडून तिच्या कामातलं काही आम्ही त्याआधी कधी बोललोच नव्हतो. त्यानंतर शनिवारच्या फोनला विषय ठरलेला. जानेवारीत मोठी केअरवोखे आली, फूटपाथवर वीतभर बर्फ, आणि तो सकाळी सातच्या आत बाजूला झालाच पाहिजे. पहाटे साडेपाचला फावडं घेऊन अंधारात मी, आणि कानाला लावलेल्या फोनवर आई, तिकडं दहा वाजलेले, तिचा केर काढून झालेला. मीठ टाकायचं नाही, बारीक खडी पसरायची, हे ऐकून ती म्हणाली, "आणि ती खडी परत झाडायची कुणी?" बरोबर होतं. बर्फ वितळल्यावर मीच झाडली.

आजींशी पुढं जमलं. त्यांच्याकडं पीठ दाबून गरम पाण्यात सोडायचं एक यंत्र होतं, 'श्पेत्सले' करायचं. बघताक्षणी म्हटलं, हा तर आपला सोऱ्या. दिवाळीला ते मागून आणलं आणि बेसनाची शेव पाडली. जाड झाली, पण झाली. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी कुठून आणणार, म्हणून त्यांच्या कुंच्यालाच हळद-कुंकू लावलं. परत देताना पुसायला विसरलो. त्यांनी त्या ठिपक्यांकडं बराच वेळ बघितलं आणि कुठल्या पावडरनं हे निघतं ते सांगितलं.

२०२२ मध्ये परतलो. पुण्यात अकरा मजली सोसायटी. पहिल्याच शनिवारी मी आमच्या मजल्याचा जिना झाडायला घेतला. सोसायटीच्या सफाईच्या मावशी वरून उतरत आल्या, थबकल्या.

"काय ओ दादा, कुणी तक्रार केली का माझी?"

मी म्हटलं, नाही ओ, सवय आहे.

"तुमची सवय हुतीय, पण सुपरवायझरनं बघितलं तर म्हणंल, लोक आपलं आपण करत्यात, हिला कशाला ठेवलीय." आणि हात पुढं केला. मी झाडू दिला. दुसरं काय करणार होतो? पाच वर्षांत शिकलेलं तिथं एका वाक्यात अडलं, आणि वाक्य तिचं बरोबर होतं. आता मी फक्त आमच्या दारापुढची चपलांची जागा झाडतो, ती यायच्या आत. तिला ते ठाऊक आहे, हे मलाही ठाऊक आहे.

कराडला गेलो की मात्र सकाळचा केर माझा. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "दार लोटून घे, समोरचे बघतील." मी दार उघडंच ठेवलं. आजी आता नाही. आतल्या खोलीपासून सुरुवात केली, आधी कोपरे, केरसुणी टेकवून. बाहेरच्या खोलीत आलो तर बाबा खुर्चीत, तोंडापुढं पेपर. मी जवळ गेलो. त्यांनी पेपर खाली केला नाही, कोण झाडतंय हेही बघितलं नाही. फक्त दोन्ही पाय वर घेतले.