कागदावर २८०

१९९० च्या दशकातल्या एखाद्या दांडग्या जपानी स्पोर्ट्स कारचं माहितीपत्रक बघा. निसानची स्कायलाइन जीटी-आर, २८० अश्वशक्ती. होंडाची एनएसएक्स, २८०. टोयोटाची सुप्रा, तीही २८०. कुणाला दोन-दोन टर्बो, कुणाला एकही नाही, इंजिनं मुळात वेगळी. आकडा मात्र सगळ्यांचा तोच. इतका योगायोग कुठे असतो का?

१९८८ साली जपानमध्ये रस्ते अपघातांतल्या मृत्यूंनी दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. सरकार कान पिळणार हे दिसायला लागलं, तेव्हा कंपन्यांनी आपसात ठरवून टाकलं: देशात विकायच्या गाडीची ताकद २८० च्या वर जाणार नाही. कायदा नव्हता, नुसता दिला शब्द. आणि शब्द पाळला, म्हणजे कागदावर पाळला. बॉनेटखाली काय घालायचं ते इंजिनिअर घालतच राहिले. पुढे हौशी लोकांनी जीटी-आर डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवल्या, तेव्हा खरा आकडा बराच वर निघाला. अमेरिकेत जाणाऱ्या सुप्राच्या कागदावर तर सरळ ३२० लिहिलेलं असायचं.

मला हा खोटेपणा मनापासून आवडतो. आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात पगार फुगवून लिहितात. इथे सगळे मिळून कमी लिहीत होते!

या सगळ्यामागे पैसा होता. डॉलर उतरवायला झालेल्या १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन वधारला, व्याजदर उतरले, जमिनी आणि शेअर आभाळाला भिडले. कंपन्यांच्या तिजोऱ्या भरलेल्या, इंजिनिअरांना कुणी 'हे परवडेल का' विचारत नव्हतं. होंडानं एनएसएक्सची अख्खी बॉडी ॲल्युमिनियमची केली आणि सुझुकाच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या आयर्टन सेनाला ती चालवायला दिली. माझदा तर रोटरी इंजिनाच्या मागे हात धुऊन लागलेली. त्या इंजिनात पिस्टनच नाही, गोलसर तिकोनी रोटर फिरतो आणि पेट्रोल घटाघटा पितो. शहाण्यानं नाद सोडला असता. १९९१ साली माझदानं तेच इंजिन घेऊन ल मान्सची २४ तासांची शर्यत मारली. एवढंच कशाला, ६६० सीसीच्या चिमुकल्या गाड्यांनाही स्पोर्ट्स कार व्हायची हौस आली. माझदाच्या एझेड-१ चे दरवाजे पंखांसारखे वर उघडायचे! इंजिन सुझुकीचं, ताकद ६४ अश्वशक्ती. हाही आपसात ठरलेलाच आकडा.

तोवर जमिनी-शेअरांचा तो फुगा फुटलेला होता. सुबत्तेत आखलेली सुप्रा १९९३ साली बाजारात आली, तेव्हा गिऱ्हाईक खर्च आवरत होतं. महाग येनमुळे अमेरिकेतल्या किमती हाताबाहेर गेल्या आणि एकेक गाडी तिथून परत फिरली. घरी जपानात बाप लोक मिनीव्हॅन घेऊ लागले. शेवटचा दणका धुराच्या नव्या नियमांनी दिला. ती जुनी इंजिनं त्यात बसवायची तर खर्च मोठा आणि विक्री नावापुरती. २००२ साली जीटी-आर, सुप्रा आणि माझदाची आरएक्स-७, तिघी एकदमच बंद झाल्या. आणि २८० ची मर्यादा कधी उठली? २००४ साली. ती मोडली होंडा लेजंडनं, म्हणजे साहेबलोकांच्या एका शांत सेडाननं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, आणि घोडे तब्बल ३००.

नंतर गाड्या आल्या नाहीत असं नाही. २००७ च्या जीटी-आरचं प्रत्येक इंजिन एकेका कारागिरानं हातानं जुळवलेलं, पुढे तर वर त्याच्या नावाची पट्टीही. २०२५ साली तीही थांबली. २०१९ ची सुप्रा ऑस्ट्रियात बनलेली, इंजिन बीएमडब्ल्यूचं. गाडी चांगली असेलही. पण माझं मन काही तिच्यावर बसत नाही.

भाव आता जुन्यांनाच आलाय. अमेरिकेत पंचवीस वर्षं उलटली की अशी गाडी आयात करता येते, त्यामुळे जपानमधल्या लिलावांकडे जगाचे डोळे लागलेले असतात. त्या लिलावाचा कागद मोठा गमतीचा. कोपऱ्यात गाडीचा उलगडलेला नकाशा आणि त्यावर बारीक खुणा: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे डेंट, डब्ल्यू म्हणजे आधी दुरुस्त केलेला पत्रा. खुणेपुढचा आकडा वाढला की दुखणं मोठं. ज्या देशानं पंधरा वर्षं इंजिनाची ताकद चोरून ठेवली, तो दरवाजावरचा नखाएवढा ओरखडाही लपवत नाही.

आपल्याकडे स्टिअरिंग त्यांच्यासारखंच उजवीकडे, तेवढी तरी अडचण नाही. पण विंटेज सोडल्या तर तीन वर्षांहून जुनी गाडी आपल्या देशात आयातच होत नाही. तरी मी ते कागद बघतो. परवा एक रुपेरी आर३४, म्हणजे २००२ साली बंद झालेली ती जीटी-आर, दिसली, मागच्या चाकावरच्या पत्र्याला यू२. एवढ्या पैशांत डेंट काढून द्यायला काय हरकत होती, असं उगाच वाटून गेलं.