जुन्या गावची रुद्रभूमी मोजताना

आमच्या जुन्या गावाच्या दक्षिणेला, पडक्या विहिरीच्या पलीकडं साधारण अकरा गुंठ्यांचा एक तुकडा आहे: आमची रुद्रभूमी, म्हणजे मयताला माती द्यायची जागा. कागदावर तो पडीक लागतो. वेड्या बाभळी, कुसळी गवत, मधे एक जुना लिंब. पण गाव वसवणाऱ्या पहिल्या चार-पाच घरांपासून माझ्या आजोबांपर्यंतची माणसं तिथंच आहेत. आम्ही लिंगायत. आमच्यात मयताला बसवून माती देतात: डाव्या तळहातावर इष्टलिंग, भस्म, बेल, आणि वरून माती. ज्यांची ऐपत होती त्यांनी मागाहून ओटा बांधला, नंदी बसवला. आमच्या गावात ऐपत कुणाचीच नव्हती. डोक्याशी एखादा ओबडधोबड दगड, तोही काळ्या मातीत पावसाळ्यागणिक कलत, रुतत जाणारा. नाव एकावरही नाही.

त्याची गरजही नव्हती. शेताकडं जायची वाट तिथूनच होती. आई डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन पुढं चालायची आणि न थांबता हातानं दाखवायची, ही तुझी पणजी, हे थोरले आप्पा, ती गिरणीवाल्यांची सून. रोजच्या येण्या-जाण्यात ते आपोआप पाठ व्हायचं.

मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून दमून झोपलेली माणसं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, सगळं अंगावर आलं. मी तेव्हा सहावीत होतो. किल्लारी-सास्तूर भागातली 52 गावं पुढं उठवून नव्या जागी वसवली, त्यात आमचंही. नवं गाव दोन किलोमीटरवर आहे. सरळ रेषेतले रस्ते, एकसारखी घरं. शेताला जायची वाट बदलली आणि आईचं ते हात दाखवणंही थांबलं. नव्या गावात जन्मलेल्या आणि आता लेकुरवाळ्या झालेल्या पोरांना जुन्या गावाला रुद्रभूमी होती हेच ठाऊक नाही.

माझी आजी त्या पहाटे गेली. पावसानं सगळीकडं चिखल, एकेका घरातून तीन-चार मयत, खड्डे खणायला धडधाकट माणूस उरला नव्हता. पडक्या घरांची खणं-तुळया ओढून एकत्र चिता रचल्या. लिंगायत, मराठा, मांग, सगळे एकाच धुरात. आजीनं आजोबांच्या शेजारची जागा कधीच सांगून ठेवली होती. या रुद्रभूमीचा नकाशा मी आता काढतो आहे, त्यात ती जागा दाखवली आहे, रिकामी चौकट म्हणून. मोजणीच्या दृष्टीनं तिला काही अर्थ नाही. तरी ती मी काढून टाकणार नाही.

नकाशाचं काम सुरू झालं ते पांढऱ्या मातीमुळं. जुन्या गावठाणाची पांढरी शेताला खतासारखी लागते, म्हणून जेसीबी लावून ती ट्रॅक्टरनं नेतात. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, राहत्या घरांची माती आहे ती. पिकाला मानवते हे खरंच. पण गेल्या दिवाळीत गेलो तर खोदकामाची कड विहिरीपर्यंत आली होती. विहीर ओलांडली की रुद्रभूमी. तिथल्या पोराला विचारलं तर म्हणाला, "हितं काय हाय? बाभळीच हायेत की." तो खोटं बोलत नव्हता. त्याला तिथं बाभळीच दिसत होत्या.

मी लातुरात एका इंजिनिअरकडं नकाशे काढायचं काम करतो. हे एवढं काम मला येतं, तर ते मीच करायला पाहिजे असं वाटलं. विहिरीचा कठडा आणि लिंबाचं खोड हे दोन बिंदू धरले, त्यांच्यामधे सुतळी ताणली आणि टेप लावून दोन-दोन मीटरच्या चौकटी पाडल्या. बाभळी मुळासकट उपटल्या नाहीत, फक्त छाटल्या, कारण मुळांबरोबर खालचं काही वर आलं असतं. लोखंडी गज खुपसून बघ, खाली पोकळ लागेल, असं एकानं सुचवलं. ते मी केलं नाही. ज्यांना आपण नाव देऊ शकत नाही त्यांच्या अंगात निदान गज तरी खुपसू नये.

गजाची गरजही पडली नाही. बसवून माती दिलेला खड्डा पुढं कधीतरी खचतो आणि वर बशीसारखा खोलगट भाग राहतो. दुपारच्या उन्हात तो अजिबात दिसत नाही. सकाळी उन्ह तिरपं असताना दिसतो, आणि सगळ्यात चांगला दिसतो मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर. रानात पाणी मुरून जातं आणि इथं मात्र हात-दीड हात रुंदीची तळी घटका-दोन घटका थांबतात. त्या सकाळी चिखलात उभा राहून मी प्रत्येक तळ्याभोवती चुना टाकत होतो आणि पाऊस तो चुना धूत होता, म्हणून मग काड्या रोवल्या. आठवड्यानं तिथलं गवतही भोवतालच्या गवतापेक्षा दाट आणि हिरवं आलं.

जागा मिळाल्या, पण नावं माणसांकडं होती. गावचे जंगम स्वामी आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांना खाटेसकट टेम्पोतून नेलं. वडिलांच्या मागं उभं राहून लहानपणापासून त्यांनी इथला प्रत्येक विधी पाहिलेला. त्यांना साल सांगता येत नाही, पण "बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायला जात होते तेव्हा", "रझाकाराच्या आधी", असं ते सांगतात आणि त्यावरून क्रम लागतो. बायकांना वेगळंच आठवतं. कोण कुणाच्या शेजारी हे त्यांना पक्कं माहीत. माझी चुलती एका काडीपाशी थबकली आणि मला मागं ओढलं. "काय करूलालास रे? तिथं पाय नको देऊस. तुझी थोरली चुलती हाय ती, बाळंतपणात गेलेली." आमच्या घरात त्या थोरल्या चुलतीचं नाव मी कधीच ऐकलं नव्हतं.

प्रत्येक जागेपुढं मी तीन शेऱ्यांपैकी एक लिहितो: नक्की, ऐकीव, नुसती जागा. दोन वेगवेगळ्या घरच्या माणसांनी स्वतंत्रपणे एकच नाव सांगितलं तरच नक्की. एकानंच सांगितलं तर ऐकीव, मग सांगणारा कितीही मोठा असो. नावं इथं देत नाही, ती त्या त्या घरांची आहेत.

पूर्वेच्या बांधालगत छोट्या खोलगट जागांची रांग निघाली. मी गोंधळलो, कारण त्या फार जवळजवळ होत्या. स्वामींनी सांगितलं, ती लेकरं. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, कुठल्याही जातीचं असो, ते मातीतच जातं. आणि आमच्या गावात सगळ्या जातींची लेकरं त्या बांधाला देत. मोठ्यांची स्मशानं वेगळी, विहिरी वेगळ्या, पाणवठे वेगळे. बांध एकच. त्याच्याही पलीकडं एक पट्टा आहे तिथं खड्डे नाहीत, सलग एकच खचलेली रेघ आहे. स्वामींच्या आजोबांच्या सांगण्यानुसार ती मानमोडीच्या, म्हणजे 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतली. दिवसाला एक खड्डा पुरेना तेव्हा चरच खणला. ती रेघ मी तुटक रेषेनं काढली आणि शेरा 'ऐकीव' लिहिला.

आता भावकीत वाद आहे तो गाव वसवणाऱ्या मूळपुरुषाच्या समाधीवरून. वर्गणी काढून तिथं ग्रॅनाईटची समाधी बांधायची, वर नंदी, पुढं फरशी, असं काहींचं म्हणणं. पैसा उभा राहील, उद्घाटनही होईल. मी विरोधात आहे आणि तसं बैठकीत बोललोही. एक तर ती जागा माझ्या वहीत अजून ऐकीव आहे. दुसरं म्हणजे फरशी घालायला जमीन सपाट करतील, आणि शेजारच्या सहा-सात जागा त्या फरशीखाली जातील. त्यात त्या मूळपुरुषाची बायकोही असेल. बैलगाडीमागं चालत तीही आलीच होती की या माळावर. आधी चारी बाजूंनी दगडांचा गडगा घालू, जेसीबी आत शिरणार नाही एवढं बघू, प्रत्येक जागेशी सारख्या मापाचा एकेक दगड बसवू. नाव नक्की असेल तिथं नाव, नसेल तिथं कोरा दगड. समाधीचं नंतर बघता येईल.

शेजारच्या शेतकऱ्यानं बांधापासून चार फूट नांगर सोडायचं कबूल केलं आहे. ग्रामसभेत ठराव मांडला, तो पुढच्या सभेवर गेला. मोजणीचा अर्ज केला, फी भरली. सरकारी मोजणीच्या खुणा लागल्या की पडीक काढून दफनभूमी अशी नोंद घालायला मागता येईल, असं तलाठ्यानं सांगितलंय. तारीख मात्र अजून आलेली नाही, आणि दरम्यान पावसाळा संपला की पांढरीचे ट्रॅक्टर पुन्हा सुरू होतील. म्हणून गडग्याला लागणारे दगड आत्ताच गोळा करतो आहोत. पडक्या घरांच्या भिंतींचे दगड ज्याचे त्याला विचारून घेतो. आमच्या घराचे सगळ्यात आधी उचलले. बाकीच्यांपैकी जे पुण्या-हैदराबादला आहेत त्यांनी दिवाळीला गावी आल्यावर अर्धा दिवस तिकडं काढावा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर आणावं. वही आणि काड्या मी घेऊन येतो.